माझ्या नावाचे ठोके

"बटण दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. ते माणूस ओळखत नाही, नाव ओळखतं."

मिरजेच्या ज्या हॉस्पिटलात माझी मुलगी जन्मली, तिथल्या डॉक्टर शिरीन बागवान यांनी घरी सोडताना मला हे सांगितलं होतं. मी मान हलवली. मांडीवर बाळ, टाक्यांची कळ, आणि दारात माझी सासू नर्सशी वाद घालत उभी, आमचं दुपटं ठेवून दुसऱ्याचं दिलंत म्हणून. अशा वेळी बाई बाळाच्या नाकपुड्या हलतात की नाही तेवढंच बघते. शिवाय मला वाटलं, कंपनीच हे सांगायला लावत असणार. एका बटणात सगळं घर भागलं तर बाकीची बटणं कोण घेणार?

बटणाचं नाव 'सोबत'. रुपयाच्या नाण्याएवढं, मागे चिकटपट्टी, डाव्या छातीवर लावायचं. आता आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला ते देतात. बाळंतपणानंतर काही जणींचं हृदय अचानक ढिलं पडतं, आणि पूर्वी त्याला घरोघरी 'अशक्तपणा' म्हणून डिंकाचे लाडू चारायचे. काही बायका लाडू खाता खाता गेल्या. म्हणून हे बटण. हेतू चांगलाच होता, मी नाकारत नाही. हेतू चांगला असणाऱ्यांनीच माझा जास्त छळ केला.

साधा ईसीजी तुम्ही काढला असेल. दहा तारा, एक पलंग, थोडा वेळ. आपलं हृदय प्रत्येक ठोक्याला इवलीशी वीज सोडतं, आणि ती वीज कातडीपर्यंत येते. मशीन शरीरात करंट सोडत नाही. आत जो आहे तो कागदावर रेघेने लिहून घेते. ठोका पडला की रेघ उसळते, मग खाली येऊन सपाट चालते. हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडत असेल तर जिथे सपाट चालायचं तिथे ती खचते. तो कागद मात्र काही सेकंदांचाच. 'सोबत' चोवीस तास रेघ लिहीत राहतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत शिकतं, की सानिका मगदूम नावाच्या बाईचं नेहमीचं हृदय कसं चालतं. त्यानंतर ते मला जगाशी नाही, माझ्याशीच ताडून बघतं.

बटण काढून ठेवलं की मात्र ओरड. पंधरा मिनिटं रेघ गेली नाही की माझा फोन, मग नवऱ्याचा फोन, मग पुण्याला नणंदेचा फोन. "सानिका मगदूम यांची नोंद खंडित झाली आहे." कुपवाडच्या एमआयडीसीत माझा नवरा सम्मेद मीटिंगमध्ये बसलेला असायचा आणि त्याच्या खिशातून माझं नाव ओरडायचं.

आणि आमच्याकडे सव्वा महिना मालिश.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण सासरी झालं आणि मालिशीचं काम सासूने स्वतःकडे घेतलं. मालिशवाली लावू म्हटलं तर म्हणाली, "बाहेरची बाई निस्ती तेल चोळून जाती. माझ्या हाताला जोर हाय." जोर होता. सासरे गेल्यावर तिने वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती, पोती एकटीने उचलली होती. ती माझ्या पाठीवर तेल ओतून असे हात चालवायची, की पाठ माझी आणि राग तिचा.

तेलावर चिकटपट्टी टिकत नाही. पहिल्याच दिवशी बटण घसरून पाटावर पडलं आणि तिन्ही फोन वाजले. दुसऱ्या दिवशी सासूने माझ्या छातीवरचं बटण उचकटलं, नवी पट्टी लावली आणि स्वतःच्या ब्लाउजच्या आत चिकटवून पदर घेतला.

"आई, ते माझं आहे," मी म्हटलं.

"ठाऊक हाय. तुझी मालिश, आंघोळ, शेक हुईस्तवर माझ्याकडं राहू दे. मशीनला ठोकं पायजेत न्हवं? माझं बी ठोकंच हायत."

मी हसले. मला सोय झाली. नंतर कळलं, की ही युक्ती आमच्या घरात जन्मली नव्हती. अख्ख्या मिरजेत मालिशीच्या वेळी बाळंतिणीचं बटण कुणाच्या ना कुणाच्या पदराखाली असायचं. सासूच्या, जावेच्या, आत्याच्या. ती मालिश करणारी असायची, किंवा बाळ घेऊन फेऱ्या मारणारी.

असा आमचा महिना गेला. रोज सकाळी माझ्या पाठीवर तिचे हात आणि तिच्या छातीवर माझं नाव.

भांडणं नेहमीचीच. बाळाचं बारसं अडलेलं होतं, कारण मला इरा हवं होतं आणि सासूला चंदनबाला. "इरा म्हंजी काय?" ती म्हणायची. "येरझाऱ्यातला अर्धा शब्द." दूध पुरत नाही, तुझं अंगच थंड, मोबाइल बघत पाजतेस, असं सगळं मालिशीच्या तालावर चालायचं. चोळता चोळता मध्येच ती थांबायची, दोन्ही हात माझ्या पाठीवर टेकवून मला बोलायची, आणि बोलून झालं की पुन्हा चोळायची. मी दात आवळून पालथी पडलेली असायचे. पण पालथं पडलेल्या माणसाला कान असतात. बोलताना तिची वाक्यं तुटायची. मला वाटायचं, रागाने.

मग पहिला इशारा आला.

"सानिका मगदूम, तुमच्या नोंदीत हृदयाला रक्तपुरवठा कमी पडल्याची चिन्हं आहेत. आजच तपासणी करा."

सम्मेद ऑफिसमधून तसाच आला. मी बाळाला घट्ट धरून बसले होते. मला काहीही होत नव्हतं, आणि तेच सगळ्यात भीतीदायक वाटत होतं.

हॉस्पिटलात ईसीजी काढणाऱ्या मुलीने पडदा ओढला. गळ्यातलं बाजूला करायला लावलं, ब्लाउज सोडायला लावला. हातापायांना चार पट्ट्या, छातीवर सहा. छातीवरच्या टिकेनात, कारण अंगात महिन्याचं तेल मुरलेलं. तिने स्पिरिटने पुसपुसून काढलं. "तेल, क्रीम, पावडर काही लावून यायचं नाही हो. आणि लाजून पट्टी वर सरकवू देऊ नका कुणाला. जागा चुकली की रेघ चुकते." मग म्हणाली, हलू नका, बोलू नका, थंडी वाजत असेल तर सांगा, कुडकुडलात तर तेही छापून येतं. तिने चादर टाकली. कागद सरसर बाहेर आला. एवढंच. सुईसुद्धा नाही.

"नॉर्मल आहे," डॉक्टर बागवान म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्या थांबल्या नाहीत. "नॉर्मल म्हणजे या दहा सेकंदांत नॉर्मल. गल्लीत डोकावलं आणि चोर दिसला नाही, म्हणजे गल्लीत चोर येत नाही असं होत नाही. बटण लावत राहा."

घरी आल्यावर सासू देवघरासमोर बसून सम्मेदला म्हणाली, "बघितलास? मी बघताना म्हटलं हुतं, पोरगी शिकलेली हाय पर अंगात काय न्हाई." मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. तिने ओव्याची चिमूट तोंडात टाकली आणि ढेकर दिला. तिला रोज गॅस व्हायचा. मालिशीनंतर हमखास.

दुसरा इशारा आला. तिसरा आला. चौथ्याला इशारा नाही, निर्णय आला.

"सानिका मगदूम: उच्च जोखीम. भरती होऊन देखरेख आवश्यक. नवजात बाळाला एकटीने उचलू नये. बाळाला रुग्णासोबत ठेवू नये. औषधं निश्चित होईपर्यंत स्तनपान थांबवावं. बाळाची जबाबदारी: घरातील निरोगी प्रौढ व्यक्ती."

निरोगी प्रौढ व्यक्ती पाळण्याशेजारी उभी राहून दुपटी घडी घालत होती. सम्मेदने वाचून दाखवल्यावर फक्त म्हणाली, "डबा आण दुधाचा. बाटल्या उकळाय टाकते."

त्या दुपारी मी बाळाला पाजत होते, कदाचित शेवटचं. पाजताना मोबाइल बघते म्हणून बोलणी खाल्ली होती, तोच मोबाइल हातात होता. 'सोबत'मध्ये 'तुमच्या हृदयाची ओळख' म्हणून एक आलेख असतो. कुणी बघत नाही. मी संख्याशास्त्रात एमएस्सी केलंय आणि लग्नाआधी ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे. आलेख दिसला की माझी नजर आपोआप जाते.

एका माणसाच्या ठोक्यांचा आलेख एका टेकडीसारखा असतो. बरेचसे ठोके मधल्या मापाचे, थोडे इकडे, थोडे तिकडे. माझ्या आलेखाला दोन टेकड्या होत्या. वर्गात मी मुलांना सांगायचे, दोन टेकड्या दिसल्या की समजा, दोन गर्दी एकत्र मोजल्यात. पहिलीतल्या पोरांची आणि त्यांच्या बापांची उंची एकाच कागदावर मांडली की असं होतं. बटणाने मात्र वेगळा अर्थ लावला होता. आलेखाखाली लिहिलं होतं: 'सकाळच्या श्रमाचं हृदय'. दोन्ही टेकड्यांवर नाव एकच, म्हणजे बाई एकच, म्हणजे त्या बाईचं हृदय सकाळी बदलतं, असं ते शिकलं होतं. शिकवलं आम्हीच.

मी सकाळी कसले श्रम करत होते? मी तर पालथी पडलेली असायचे.

मी मागे गेले. मधल्या एका दिवशी सासू सांगलीला बहिणीकडे गेली होती, मालिश झाली नव्हती. त्या दिवशी दुसरी टेकडी नाही. आणि सगळी खचलेली रेघ, एकूण एक, दुसऱ्या टेकडीत.

बाळ दूध पिऊन झोपलं होतं. मला आधी काय वाटलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. मी बरी होते. माझं बाळ माझ्याकडे राहणार होतं. ज्या बाईने मला महिनाभर 'अंगात काही नाही' म्हणून चोळलं, तिच्याच अंगात ते होतं.

मग ओट्याजवळ बाटल्या उकळणारी तिची पाठ दिसली, आणि पुढचं लक्षात आलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मी भरती झाले की ही बाई बाळाला खांद्यावर घेऊन दिवसातून चारदा तो जिना चढणार होती. एकटी. तिच्या नावावर एकही रिपोर्ट नव्हता, म्हणून ती निरोगी होती.

मी कंपनीला फोन लावला. गोड आवाज म्हणाला, "बटण इतर व्यक्तीने वापरल्यास नोंदीची हमी राहत नाही."

"तेच सांगतेय. ती नोंद माझी नाही."

"तुमची चिंता नोंदवली आहे, सानिका. चिंतेमुळे ठोके वाढू शकतात. दीर्घ श्वास घ्या."

मग डॉक्टर बागवान यांना फोन करून बटणाचं सगळं कबूल केलं. आम्ही जैन, संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवतो. ताटं मांडलेली असताना मी बोलले.

"आई, हे माझं हृदय नाही. तुमचं आहे. तुम्ही तपासून घ्या."

सासूने भाकरी मोडली. "आता रोग बी माझ्यावर घालतीस व्हय?"

"मालिश करताना तुम्ही मध्येच थांबता. माझ्या पाठीवर हात टेकून उभ्या राहता आणि मला बोलता."

"बोलण्यासारखं करतीस म्हणून बोलते."

"बोलताना तुम्हाला धाप लागलेली असते. आणि जिन्यात तुम्ही रोज दुसऱ्या मजल्यावर थांबता."

"ते कुलकर्णी पायऱ्यांवर चपला पसरतात. त्यांना काय आरती ओवाळू?"

"चपला पहिल्या मजल्यावर पण असतात. तिथे तुम्ही गप्प वर येता."

सम्मेदने ताटावरून हात उचलला. "सानिका, बास. तुला बाळापासून लांब राहायचं नाही, कळतंय मला. पण म्हणून आईवर ढकलायचं?"

"तू कधी तिला जिना चढताना बघितलंयस?"

"ती चाळीस किलोचं पोतं उचलायची."

"कधी?"

उत्तर सासूने दिलं. "पोरा, तुझी बायकू हुशार हाय. बाळ मिळंना तवा म्हातारीलाच पेशंट करायला निघाली. उद्या म्हणंल, हिची तिरडी बांधा."

विनवण्या करून काही होणार नव्हतं. तिला माझ्या विनवण्या आवडायच्या. मी म्हटलं, "आई, पैज लावूया."

तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चमकलं. "काय लावतीस?"

"उद्या माझ्याबरोबर चला, ईसीजी काढा. नॉर्मल आला तर मी मुकाट्याने भरती होते, बाळ तुमच्याकडे. बारसं तुमच्या हाताने. चंदनबाला."

"आणि न्हाई आला तर?"

"तर बाळ माझ्याकडे. तुम्ही तिला घेऊन जिना चढायचा नाही."

"तिथं पुरुष माणूस असतंय का?"

"बाई असते. पडदा असतो."

"चल," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर कागद मारून यिते."

सकाळी ती आंघोळ करून, अंगाला काही न लावता, हिरवं इरकल नेसून तयार. मी मुद्दाम पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं: तेल नको, हलू नका, कुडकुडू नका, पट्टी छातीखाली योग्य जागी लावू द्या, ओढून वर घेऊ नका. "मला शिकवतीस?" म्हणाली, पण सगळं केलं. पडद्याआड ती इतकी स्थिर पडली होती, की मला क्षणभर भलतंच वाटलं. डोळे मिटलेले, जबडा घट्ट. माझ्याविरुद्ध ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

कागद बाहेर आला. डॉक्टर बागवान यांनी चष्मा वर केला.

"नॉर्मल आहे."

सासूने ब्लाउजचे हूक लावले, पदर नीट केला, आणि डॉक्टरांच्या हातातून कागद घेऊन माझ्यासमोर धरला. मारला नाही. त्याची गरज नव्हती. सम्मेद भिंतीकडे बघत होता.

"डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. "गल्लीत चोर दिसला नाही म्हणजे येत नाही असं नाही."

"हो. यांची चालवून तपासणी करायला हवी. मी लिहून देते. पण सक्ती नाही करू शकत." मग त्या हळू म्हणाल्या, "आणि तुमची भरती मी थांबवू शकत नाही. तुमच्या नावाची नोंद तशी आहे. मी कंपनीला लिहिलंय. उत्तर आलेलं नाही."

"चालवून बिलवून काय न्हाई," सासू म्हणाली. "पैज झाली. आण ती पोर हिकडं."

मी बाळ दिलं. खरंच दिलं. शब्द दिला होता, आणि समोर दोन साक्षीदार होते. बाळाने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते सासूने एकेक बोट उघडून सोडवलं.

भरतीचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. लिफ्टसमोर स्ट्रेचर अडकलेलं, गर्दी. सासू बाळाला खांद्यावर टाकून जिन्याकडे वळली. तिला माझी खाट स्वतः बघायची होती, मी तिथे पडते की नाही याची खात्री करायला.

मी तिच्या वाटेत उभी राहिले. माझ्या छातीवरचं बटण काढलं, नवी पट्टी लावली.

"हे लावा आणि चढा."

"आता कशाला?"

"जिंकलात ना? मग भीती कसली?"

सम्मेद म्हणाला, "सानिका, तमाशा नको." पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिने एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्या हाताने बटण घेऊन ब्लाउजच्या आत दाबलं. "तुझं समाधान हुऊ दे एकदा," म्हणाली आणि चढायला लागली. ताठ, भराभर, मला दाखवायला. सम्मेद तिच्या मागे निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, दोन पायऱ्या खाली राहा, हात मोकळे ठेव. तो तसाच राहिला. मी खाली, माझा फोन हातात.

वळणावर ती थांबली. कोपऱ्यात कुणीतरी पानाची पिंक टाकली होती. "काय माणसं हायत," तिचा आवाज आला, "दवाखाना म्हणत न्हाईत, देऊळ म्हणत न्हाईत, जिथं बघावं तिथं..."

माझा फोन कडाडला. "सानिका मगदूम, जिथे असाल तिथे बसा. हालचाल करू नका. मदत येत आहे." त्याच वेळी जिन्याशेजारच्या नर्सच्या खोलीवरचा लाल दिवा लागला आणि तेच नाव तिथूनही ऐकू आलं. सानिका मगदूम. सानिका मगदूम. चाकाची खुर्ची घेऊन एक नर्स धावत आली. मला ती ओळखत होती. तिने माझा दंड धरला. "बसा, बसा, तुम्ही उभ्या कशा?"

"मी नाही," मी म्हटलं. "त्या."

वर पानाच्या पिंकेवरचं बोलणं बंद झालं होतं. महिनाभर त्या तोंडाला खीळ बसावी म्हणून मी काय काय नवस बोलले असेन. ते बंद झालं, आणि मी जिन्याकडे धावले.

पोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती. एक हात भिंतीवर, चेहरा पिठासारखा, जबडा धरलेला. सम्मेदने दोघींनाही मागून पेललं होतं. तिने मला बघितलं.

"धर हिला," ती म्हणाली. "पडंल."

हृदयाला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीत अडथळा होता. बसल्या जागी, पडल्या जागी भागेल एवढं रक्त जात होतं, म्हणून कागद नॉर्मल आला. कामाला लागलं की कमी पडायचं. छातीत कळ नव्हती. जबडा, पाठ, धाप आणि 'गॅस' होता. डॉक्टर म्हणाल्या, बायकांमध्ये बरेचदा असंच असतं. त्याच दिवशी नळी उघडून आत जाळी बसवली.

खाटेवर आणून ठेवल्यावर तिचं पहिलं वाक्य मला होतं. "रिपोर्ट नॉर्मल हुता. पैज मी जिंकली."

नाव चंदनबाला ठेवलंय. पैज म्हणजे पैज. बारशाला ती खुर्चीत बसून राहिली आणि आल्यागेल्याला सांगत होती, सुनेने मला जिना चढवून पेशंट केलं. आमचं काही जुळलेलं नाही. जुळेल असं वाटत नाही. आता मालिश मीच करते, तिच्या पायांना, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. माझ्या हाताला जोर नाही म्हणते. मी थांबून तिला बोलत नाही, एवढाच फरक.

पण मी हे लिहायला बसले ते आमच्या भांडणासाठी नाही.

मागच्या आठवड्यात 'सोबत'ची नवी आवृत्ती आली. माझ्या नावाखाली सासूचं हृदय अजून तसंच आहे. ते वेगळं करता येत नाही म्हणतात. नव्या आवृत्तीत एक ओळ होती: "आपल्या भागातील बाळंतिणींमध्ये सकाळच्या वेळी दिसणारा हा बदल आता सामान्य मानला जाईल. अनावश्यक इशारे कमी केले आहेत."

नीट वाचा ते. घराघरांतल्या सासवांची, जावांची, आत्यांची दमलेली हृदयं बाळंतिणींच्या नावावर इतकी जमा झाली, की मशीनने त्यांची सरासरी काढली आणि तिला नॉर्मल म्हटलं. आता ते ओरडणार नाही. म्हातारीसाठी तर नाहीच, तिचं नावच त्यात नाही. आणि उद्या एखाद्या खऱ्या बाळंतिणीचं हृदय खचलं, तरी ते म्हणेल, सकाळी असं होतंच. डॉक्टर बागवान पत्रं लिहीत आहेत. मीही लिहितेय. गोड आवाज माझी चिंता नोंदवतो.

म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्या इमारतीत, गल्लीत कुणी बाळंतीण असेल तर मालिशीच्या वेळेला बेल वाजवा. बाळ बघायला आले म्हणा. बटण कुणाच्या अंगावर आहे ते बघा. ते जिच्या पदराखाली असेल तिच्याबद्दल घरचे म्हणतील, हिला काही झालेलं नाही, हिचा एकही रिपोर्ट नाही. ती स्वतः तुम्हाला चहासुद्धा न विचारता हाकलून देईल. लगेच निघू नका. जिना चढताना ती रोज कुठे थांबते, आणि तिथे कुणाला शिव्या देते, तेवढं विचारून या.